युद्धकाळातल्या अमेरिकन कॉमिक्समधले विस्मृतीत गेलेले सुपरहीरो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यात नेमका कोणता काळ आणि कोणते नायक येतात?

जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला. तिथपासून १९४५ मध्ये युद्ध संपेपर्यंतचा काळ इथे धरला आहे. सुपरमॅन, बॅटमन, वंडर वुमन, कॅप्टन अमेरिका ही बडी मंडळी फक्त संदर्भापुरती येतील. प्रश्न आहेत ते आतल्या पानांतल्या नायकांबद्दलचे. यांच्यातले काही दोन वर्षं टिकले, काही पाच अंक, आणि एकाला तर दुसरा अंकही मिळाला नाही.

एवढे नायक आले कुठून?

दहा सेंटच्या अंकात मुखपृष्ठ सोडून ६४ पृष्ठं असत. मुखपृष्ठावरचा नायक त्यातली बारा-पंधरा पृष्ठं घेई. उरलेली पृष्ठं भरायला आणखी सात-आठ मालिका लागत, आणि त्या दर महिन्याला लागत. प्रकाशकांपैकी अनेकांकडे स्वतःचे चित्रकार नव्हतेच. ते तयार माल घेत तो न्यूयॉर्कमधल्या 'शॉप'कडून, म्हणजे कंत्राटावर कॉमिक्स बनवून देणाऱ्या चित्रशाळांकडून: विल आइस्नर आणि जेरी आयगर यांचं शॉप, लॉइड जॅके यांचं 'फनीज इन्कॉर्पोरेटेड', हॅरी चेस्लर यांचं शॉप. एक जण गोष्ट लिही, दुसरा पेन्सिलने काढी, तिसरा शाई फिरवी, चौथा अक्षरं भरी. पैसे पानामागे एकदाच मिळत आणि हक्क सगळे प्रकाशकाचे. सही बऱ्याचदा टोपणनावाची असे, आणि एकच टोपणनाव कित्येक जण वापरत. म्हणून 'चार्ल्स निकोलस' असं नाव दिसलं की चित्रकार सापडला असं समजू नका.

सुपरमॅन चालतोय म्हटल्यावर प्रत्येकाला आपला एक हवा होता. व्हिक्टर फॉक्स यांनी मे १९३९ च्या 'वंडर कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आइस्नरकडून 'वंडर मॅन' करून घेतला. सुपरमॅनच्या मालकांनी लगेच दावा ठोकला, फॉक्स हरले, १९४० मध्ये अपिलातही हरले. वंडर मॅन एका अंकात आला नि एका अंकात संपला. बाकीच्या प्रकाशकांनी यातून धडा घेतला तो एवढाच की शक्ती कुठून आली त्याचं कारण वेगळं द्यायचं. पुढचा सगळा तऱ्हेवाईकपणा बराचसा त्यातून आला आहे.

झेंड्याच्या रंगातला पहिला नायक कॅप्टन अमेरिकाच ना?

नाही. 'एमएलजे' या प्रकाशनाचा 'द शील्ड' जानेवारी १९४० च्या 'पेप कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला. कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक मार्च १९४१ चा. कॅप्टनची ढाल पहिल्या अंकात त्रिकोणी आहे आणि दुसऱ्यापासून गोल, ती याचमुळे: शील्डच्या छातीवरच्या आकाराशी फार साम्य असल्याची एमएलजेने तक्रार केली. आज जगभर ओळखली जाणारी ती गोल ढाल एका विसरलेल्या नायकाची देणगी आहे म्हणायला हरकत नाही.

त्याच 'पेप'च्या पहिल्या अंकात जॅक कोल यांचा 'कॉमेट' होता. जुलै १९४१ च्या सतराव्या अंकात तो मारला गेला. खरोखर मेलेला हा पहिला सुपरहीरो. त्याच गोष्टीत त्याचा भाऊ 'हँगमन' होऊन सूड घ्यायला निघतो. डिसेंबर १९४१ मध्ये, बाविसाव्या अंकात, आर्ची नावाचा एक शाळकरी पोरगा मागच्या पानांत आला आणि पुढे त्याने या सगळ्यांना घराबाहेर काढलं. १९४६ पासून कंपनीचं नावच 'आर्ची' झालं.

सगळ्यांत विचित्र कोण?

यावर एकमत होणं शक्य नाही, पण पुढची नावं कुठल्याही यादीत येतात.

'रेड बी': 'हिट कॉमिक्स', अंक १, जुलै १९४०. सरकारी वकील रिक रॅले लाल पट्ट्यांचा पोशाख घालून गुन्हेगारांवर पाळलेल्या मधमाश्या सोडतो. त्यातली लाडकी मधमाशी मायकेल, ती कमरपट्ट्याच्या बकलमध्ये राहते. कामकरी माश्या सगळ्या माद्या असतात आणि एकदा डंख मारला की मरतात, हे लेखकाच्या गावी नसावं. मायकेल मात्र अंकामागून अंक डंख मारत राहतो.

'७११': 'पोलीस कॉमिक्स', अंक १, ऑगस्ट १९४१. हुबेहूब आपल्यासारख्या दिसणाऱ्या मित्राच्या जागी डॅनियल डाइस तुरुंगात जातो. मित्र बाहेर मरतो, त्यामुळे खरं सांगायला कोणी उरत नाही. मग हा कोठडीतून भुयार खणतो, रात्री बाहेर पडून गुन्हेगार पकडतो आणि पहाटेच्या आत परत येऊन झोपतो. ७११ हा त्याचा कैदी क्रमांक. गुन्हेगाराला तो जे कार्ड देतो ते आरशाचं असतं आणि त्यावर गज काढलेले असतात, म्हणजे बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा गजाआड दिसावा. जॉर्ज ब्रेनर यांची ही कल्पना त्या काळच्या मोठमोठ्या नायकांनाही मिळाली नाही. पंधराव्या अंकात ७११ मारला गेला.

'मॅडम फेटल': 'क्रॅक कॉमिक्स', अंक १, मे १९४०. निवृत्त नट रिचर्ड स्टँटन पळवून नेलेल्या मुलीच्या शोधात म्हाताऱ्या बाईचं सोंग घेतो आणि काठीने भल्याभल्यांना लोळवतो. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या मराठी वाचकाला पुरुषाने लुगडं नेसण्यात काही नवल वाटणार नाही, पण अमेरिकन पोरांना ते पचलं नसावं. मार्च १९४२ मध्ये मालिका बंद झाली. चित्रकार आर्थर पिनाजियन पुढे अमूर्त चित्रकलेकडे वळले. १९९९ मध्ये ते गेले, त्यानंतर लाँग आयलंडवरच्या बेलपोर्ट इथल्या एका गॅरेजात त्यांच्या कामाचे ढीगच्या ढीग सापडले.

'व्हिझर': 'यूएसए कॉमिक्स', अंक १, ऑगस्ट १९४१. आफ्रिकेत मुलाला साप चावतो आणि शास्त्रज्ञ बाप त्याला मुंगसाचं रक्त टोचतो. मुलगा जगतो आणि भन्नाट वेगाने पळू लागतो. सापावर मुंगूस हा तर्क आपल्याकडच्या कुठल्याही आजोबांना पटेल.

फ्लेचर हँक्स यांचं एवढं कौतुक का?

कारण ते शॉपच्या पद्धतीबाहेर, सगळं एकहाती करत: गोष्ट, पेन्सिल, शाई, अक्षरं. १९३९ ते १९४१ एवढीच त्यांची कारकीर्द. 'फँटास्टिक कॉमिक्स'मधला 'स्टारडस्ट द सुपर विझार्ड' हा त्यांचा मुख्य नायक. स्टारडस्टच्या गोष्टींत गुन्हा थांबवण्यापेक्षा शिक्षेला जास्त पानं असतात. एका खलनायकाचं शरीर आटवून तो नुसतं अवाढव्य डोकं शिल्लक ठेवतो आणि ते अंतराळातल्या एका बिनमुंडक्याच्या राक्षसाकडे भिरकावतो, राक्षस ते गिळंकृत करतो. चित्रं ओबडधोबड आहेत, मानेची मापं चुकलेली आहेत, पण पान उलटल्यावर ती डोळ्यांसमोरून जात नाहीत.

त्यांचीच 'फँटोमा' फेब्रुवारी १९४० च्या 'जंगल कॉमिक्स'च्या दुसऱ्या अंकात आली. एरवी सोनेरी केसांची सुंदर बाई, पण संतापली की चेहऱ्याची निळी कवटी होते. या मालिकेवर 'बार्कले फ्लॅग' हे टोपणनाव आहे, त्यामुळे हँक्स नावाने शोधलं तर ती हातून निसटते.

म्हणजे वंडर वुमनच्या आधी बायका होत्या?

होत्या. वंडर वुमन १९४१ च्या शेवटी आली. फँटोमा तिच्या पावणेदोन वर्षं आधीची. 'मिस व्हिक्टरी' ऑगस्ट १९४१ ची, वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेरीत लघुलेखिका. त्याच महिन्यात हार्वे प्रकाशनाची 'ब्लॅक कॅट', दिवसा हॉलिवूडची नटी.

सगळ्यांत महत्त्वाची 'मिस फ्युरी', कारण ती एका बाईने, टार्पे मिल्स यांनी, लिहिली आणि काढली. ६ एप्रिल १९४१ पासून वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानांत 'ब्लॅक फ्युरी' या नावाने ती सुरू झाली. कॉमिक बुकच्या रूपात दिसते ते पुनर्मुद्रण. मूळ क्रम हवा असेल तर रविवारची पानं वाचा. पुस्तकात चौकटी कापून नव्याने जुळवलेल्या आहेत आणि काही दुवे तुटतात.

'ग्रीन लामा' खरंच 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणतो?

म्हणतो, आणि त्यातूनच त्याला शक्ती येते. जेथ्रो ड्युमॉन्ट हा श्रीमंत अमेरिकन तिबेटात जाऊन लामा होऊन परततो. मूळ पात्र केंडल फॉस्टर क्रॉसन यांचं, १९४० मधल्या पल्प मासिकातलं, म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या कथांच्या मासिकातलं. डिसेंबर १९४० मध्ये ते 'प्राइझ कॉमिक्स'मध्ये आलं आणि १९४४ ते १९४६ मध्ये त्याचे स्वतंत्र आठ अंक निघाले. हे आठ जरूर बघा: चित्रं मॅक रबॉय यांची आहेत, आणि उडणाऱ्या माणसाचं शरीर त्या काळात त्यांच्याइतकं हलकं फार थोड्यांनी काढलं.

तिबेट, हिमालय, फेटेवाले जादूगार हा या कॉमिक्सचा हुकमी माल होता. सेंटॉर प्रकाशनाचा 'अमेझिंग मॅन'ही तिबेटातल्या सात ज्ञानी पुरुषांनी वाढवलेला. त्यात तिबेटचं खरं फारसं काही शोधू नये. मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (मूळचा १९३६ चा 'फँटम') ज्यांनी वाचलाय त्यांना ही गंमत ओळखीची वाटेल: गोऱ्या माणसाने पूर्वेकडे जायचं आणि तिथल्या लोकांहून सवाई होऊन दाखवायचं.

'ग्रीन टर्टल'चा चेहरा का दिसत नाही?

'ब्लेझिंग कॉमिक्स', अंक १, जून १९४४. चित्रकार चू हिंग, त्या काळी या धंद्यातल्या मोजक्या चिनी वंशाच्या अमेरिकनांपैकी एक. नायक चीनमध्ये जपानी सैन्याशी लढतो. पाचही अंक समोर ठेवून पाहा. तो वाचकाकडे पाठ करून उभा असतो, नाहीतर हात चेहऱ्याआड येतो, नाहीतर झगा फडकतो, नाहीतर सावली पडते. सोबतचा मुलगा बर्मा बॉय 'तू हा मुखवटा का घालतोस' असं विचारतो आणि उत्तर येणार तेवढ्यात काहीतरी संकट कोसळतं.

नायक चिनी असावा अशी चू हिंग यांची इच्छा होती, प्रकाशकाने नकार दिला, म्हणून त्यांनी चेहराच दाखवला नाही, अशी आख्यायिका सांगतात. कागदोपत्री पुरावा नाही, पण रंग बघण्यासारखा आहे: ग्रीन टर्टलची कातडी बाकी कोणाही गोऱ्या पात्रापेक्षा जास्त, अनैसर्गिक गुलाबी छापलेली आहे. रंग छपाईच्या टप्प्यावर भरले जात, चित्रकाराच्या हातात नसत. काळ्या शाईत त्यांनी जे लपवलं ते रंगवाल्यांनी गुलाबी करून टाकलं, असं वाचणं चुकीचं ठरू नये. २०१४ मध्ये जीन लुएन यांग आणि सनी ल्यू यांनी या नायकाची जन्मकथा नव्याने रचली.

मुलांना वाचायला द्यावेत का?

सरसकट नाही. जपानी माणसं सुळे दात, चष्मे, पिवळाधमक रंग अशीच काढलेली असतात आणि काळी पात्रं हास्यास्पद बोलीत बोलतात. मुखपृष्ठांवर बांधलेल्या बायका आणि छळाची यंत्रं नित्याचीच. आधी स्वतः वाचा.

फुकट आणि कायदेशीर कुठे वाचता येतील?

'डिजिटल कॉमिक म्युझियम' आणि 'कॉमिक बुक प्लस' या दोन ठिकाणी, हक्क संपलेले अंक आहेत. पहिल्यावर उतरवून घेण्यासाठी मोफत नोंदणी लागते. रीत अशी ठेवा:

१. आधी 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस'वर नायकाचं नाव रोमन लिपीत शोधा आणि प्रकाशक, मासिकाचं नाव, अंक क्रमांक लिहून घ्या.

२. मग संग्रहात प्रकाशकाच्या नावाने जा, मासिक उघडा आणि अंक घ्या. नायकाच्या नावाने तिथे शोधत बसू नका. मागच्या पानांतल्या नायकांची नावं अंकाच्या शीर्षकात नसतात.

३. फाइल सीबीझेड किंवा सीबीआर असते. सीबीझेड म्हणजे झिप आणि सीबीआर म्हणजे रार. कॉमिक वाचायचं ॲप नसेल तर नावाचं शेपूट बदलून उघडा. सीबीआर उघडतच नसेल तर ती बहुधा आतून झिप असते. शेपूट झिपचं लावलं की काम होतं.

४. एकाच अंकाच्या दोन प्रती असतील तर वर्णनात 'मायक्रोफिश' (म्हणजे बारीक फिल्मवरून उतरवलेली) लिहिलेली शेवटी ठेवा. त्यात रंग गेलेले असतात आणि बारीक अक्षरं भरून येतात.

नेहमी गल्लत कुठे होते?

तीन ठिकाणी. पहिली नावांत. लेव्ह ग्लीसन प्रकाशनाचा सप्टेंबर १९४० चा 'डेअरडेव्हिल' आणि १९६४ चा मार्व्हलचा अंध वकील यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ऑगस्ट १९४० च्या 'मिस्टिक कॉमिक्स'मधली 'ब्लॅक विडो' सैतानासाठी पापी आत्मे गोळा करते. चित्रपटातली रशियन गुप्तहेर ती नव्हे. नाव नव्हे, प्रकाशक आणि अंक धरा.

दुसरी तारखेत. मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या महिन्याच्या दोन-तीन महिने पुढचा असे. कॅप्टन अमेरिकाचा 'मार्च १९४१' चा अंक २० डिसेंबर १९४० ला विक्रीला आला. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या आधी की नंतर, असा वाद घालण्यापूर्वी हे वजा करा.

तिसरी क्रमांकात. 'अमेझिंग मॅन कॉमिक्स'चा पहिला अंक क्रमांक ५ चा आहे, १ ते ४ निघालेच नाहीत. 'व्हिझ कॉमिक्स' २ पासून सुरू होतं.

मध्येच दोन पानं बिनचित्रांची का?

टपालाच्या सवलतीसाठी. मासिकाचा स्वस्त दर मिळवायला थोडा नुसता मजकूर असावा लागे, म्हणून दोन पानांची गोष्ट घुसवत. खुशाल सोडून द्या.

या नायकांचा वापर करून नवं काही काढता येईल का?

काही नायकांचा येईल, पण तपासल्याशिवाय नको. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात हक्क २८ वर्षांचा होता आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करावं लागे. ते केलं नसेल तर हक्क संपला. केलं असेल तर प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे १९४१ चा अंक २०३६ अखेरपर्यंत बंद. १९४१ च्या अंकासाठी १९६८ आणि १९६९ अशा दोन्ही वर्षांच्या हक्कनोंदणी सूचीतला नियतकालिकांचा विभाग बघा. एकच वर्ष बघणं ही नेहमीची चूक. पात्र आधी पल्पमध्ये आलं असेल तर त्या पल्पचीही नोंद बघा. ग्रीन लामाबाबत हे विसरू नका.

मग ट्रेडमार्क. क्वालिटी प्रकाशनाचे बरेच अंक खुले आहेत, पण त्यांची पात्रं १९५६ मध्ये सुपरमॅनच्या मालकांकडे, म्हणजे आजच्या डीसीकडे गेली. क्वालिटीच्या 'पोलीस कॉमिक्स'मधली जुनी 'फँटम लेडी' वाचणं, वाटणं वेगळं आणि तिच्या नावाने मासिक काढणं वेगळं. नेडर प्रकाशनाचा औषधविक्रेता 'ब्लॅक टेरर' मात्र अनेक प्रकाशकांनी पुन्हा वापरला आहे. छापील आवृत्ती भारतात काढायची तर इथल्या कायद्याचा सल्ला स्वतंत्रपणे घ्या.

मूळ अंक विकत घेताना काय बघायचं?

आधी माप. युद्धकाळातला अंक सुमारे पावणेआठ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच. आजचा त्याहून इंचभर अरुंद. दहा बाय साडेतेरा इंचांचा 'पहिला अंक' कोणी दाखवला तर तो १९७० च्या दशकातलं मोठं पुनर्मुद्रण आहे, वरचं जादा मुखपृष्ठ फाडून काढलेलं.

मग पानं मोजा. ६४ पृष्ठं म्हणजे ३२ पानं. १९४३ पासून कागदाच्या नियंत्रणामुळे अंक बारीक होत गेले, आधी ५६ आणि पुढे ४८ पृष्ठं, म्हणजे २८ आणि २४ पानं. मधोमध उघडा, दोन्ही पिनांची टोकं तिथे वळलेली दिसली पाहिजेत आणि त्या जोडपानावरची गोष्ट सलग वाचता आली पाहिजे. मधलं जोडपान गळलेला अंक बाहेरून धडधाकट दिसतो. जाहिरातींची पानंही तपासा, कुपनं पोरांनी कापलेली असतात.

कडा बाकी पानापेक्षा पांढऱ्या असतील तर अंक कापून नीट केलाय. अतिनील दिव्याखाली आतलं पान निळसर चमकलं तर तो कागद त्या काळचा नाही. मुखपृष्ठावरचे रंगाचे ठिपके वेगळे दिसले तर नंतर रंग भरलाय. ग्रेडिंग कंपनी सीजीसीचं जांभळं लेबल म्हणजे दुरुस्त केलेला अंक, किंमत त्या मानाने बरीच कमी हवी.

हे अंक इतके दुर्मिळ का?

रद्दीमुळे. युद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनीच आपापले गठ्ठे नेऊन दिले.

आपल्या हवेत जपायचे कसे?

हा कागद आम्लयुक्त, वर्तमानपत्राचा. तो आतूनच पिवळा पडतो, ते पूर्ण थांबवता येत नाही, वेग कमी करता येतो. पॉलिएस्टरची पिशवी, आत आम्लरहित पुठ्ठा, अंक उभे, फार दाबून नाही. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्या चिकटतात. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे बिनयंत्राचं जमत नाही, तेव्हा बंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते गुलाबी पडलं की बदला. आधी गंजतात त्या पिना, आणि गंज कागद खातो. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकू नका. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य.

सुरुवात कुठून करू?

'पोलीस कॉमिक्स'च्या पहिल्या अंकापासून. जॅक कोल यांचा 'प्लॅस्टिक मॅन', '७११' आणि 'फँटम लेडी' असे तिघेही एकाच अंकात भेटतात. त्यानंतर रबॉय यांचा कुठलाही 'ग्रीन लामा', मग 'ब्लेझिंग'चा पहिला अंक. हँक्स एका बैठकीत दोन गोष्टींहून जास्त वाचू नका. तिसरीपासून शिक्षांची नवलाई बोथट होते.